पाण्यातल्या मुंग्या

११ सप्टेंबर

चि. ठिणगीस,
अ. उ. आशीर्वाद.

गठुड्याचा फोटो पोचला. नाक माझ्यावर गेलंय, बिचारीचं. नातीला मी अजून मांडीवर घेतलं नाही, हे तू लिहीत नाहीस, तरी तुझ्या प्रत्येक पत्रात मला ते वाचता येतं. पण निघू कसा? तुझी आई मागे ठेवून गेली त्या फिशटँकमधलं पाणी रोज थोडं थोडं हवेत विरतं. मी सकाळी तांब्याने भर घालतो. वरच्या मजल्यावरच्या शिंपीकाकांवर सोपवावं, तर ते प्रेमाच्या भरात माशांना चहासुद्धा पाजतील.

म्हणून एक युक्ती केलीय. टँकशेजारी पाण्याची बादली, तिच्यात कूलरचा जुना पंप, आणि टँकमध्ये फ्लोट स्विच. पाणी उतरलं की फ्लोट झुकतो, पंप चालू होतो. पाणी वर आलं की आपोआप बंद. वायरींचे जोड मीच दिले, वर काळी टेप गुंडाळली. हे जमलं की तुझ्याकडे येतो.

आणि एक सांगू? हसू नकोस. काल शेवाळ पुसायला हात घातला, तर बोटांना बारीक मुंग्या आल्या. आज पुन्हा. गिरणीतल्या मागांच्या खडखडाटात माझे कान गेले, फोन म्हणजे मला नुसता कानाला टेकवायचा दगड. पण हे पाणी काहीतरी सांगतंय असं वाटतं. तुझी आई जेवायला बोलवायची ती हाक मारून नव्हे, मनगटाला नुसतं बोट लावून. अगदी तसं. दुपारभर खुर्ची ओढून बसलो होतो. हिरवा उजेड भिंतीवर हलत होता, मासे ढगांसारखे सरकत होते, आणि मी मधूनच बोट बुडवत होतो.

लोभ आहे तो ठेव, वर चिमूटभर घाल.

तुझा,
बाबा

१४ सप्टेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचलं आणि उभ्या उभ्या शिंपीकाकांना फोन लावला. आधी मेन स्विच पाडा, मग बाबांना टँकपासून लांब न्या, एवढंच सांगितलं. नंतर त्यांनी कळवलं की तुम्ही अनवाणी, बाही सरसावून, पुन्हा हात घालायच्या बेतात होतात, आणि वीज बंद केल्यावर त्यांनी तुम्हाला शर्टाला धरून ओढलं. तुम्ही त्यांच्यावर चिडलात म्हणे. चिडा, पण माझ्यावर चिडा.

बाबा, त्या मुंग्या विजेच्या होत्या. टेपखालच्या जोडात पाणी शिरलं असणार. घरातली दोनशे तीस व्होल्टची वीज त्यातून टँकमध्ये झिरपत होती, आणि तुमच्या अंगातून ओल्या फरशीत उतरत होती. माशांना काही झालं नाही, कारण त्यांचे पाय जमिनीला टेकत नाहीत. तुमचे टेकतात. आज मुंग्या आल्या, उद्या हात पाण्यातून सुटलाच नसता. लिफ्ट दुरुस्तीच्या कामात मी हे डोळ्यांनी पाहिलंय.

तो पंप फेकून द्या. वायरमनला बोलवा, आधी घराचं अर्थिंग तपासायला सांगा आणि ईएलसीबी बसवून घ्या. वीज जराही भलतीकडे गेली की तो क्षणात सगळं तोडतो. यापुढे हात घालण्याआधी प्रत्येक प्लग काढायचा. आपल्या माणसाची हाक वाटली तरी काढायचा.

रागावलात तरी माया कमी करू नका.

तुमची,
ठिणगी

१८ सप्टेंबर

चि. ठिणगीस,
आशीर्वाद.

वायरमन येऊन गेला. टेप सोडली तर आतून पाणी ठिबकलं. तुझं खरं निघालं.

घर फार गप्प झालंय. यापेक्षा जास्त लिहवत नाही.

बाबा

२१ सप्टेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या चार ओळी दिवसभर जवळ घेऊन हिंडले. आईला तुमच्यापासून दुसऱ्यांदा नेलं, आणि या वेळी मीच, असं वाटत राहिलं. पण तिनेसुद्धा तुम्हाला असल्या हाकेला जाऊ दिलं नसतं. तिने कान धरून उठवलं असतं.

सोबत बारा व्होल्टचा छोटा पंप पाठवतेय. त्याचा अडॅप्टर भिंतीवर उंच, कोरड्या जागी लावा. फ्लोटमध्ये फक्त हीच कमी वीज जाऊ द्या. प्रत्येक वायरीला बोर्डाच्या खाली एक झोल ठेवा, म्हणजे ओघळणारं पाणी बोर्डात न जाता झोलातून खाली पडेल. नळीचं तोंड पाण्याच्या वर असू दे. बादली लहानच घ्या, ती सगळी रिकामी झाली तरी टँक ओसंडता कामा नये.

बाबा, जमेल तेव्हा या. घाई नाही, असं लिहिणार होते. पण आहे घाई.

तुमची,
ठिणगी

२ ऑक्टोबर

चि. ठिणगीस,
अ. उ. आशीर्वाद.

सगळं तू लिहिलंस तसं केलं. फ्लोट अडकलाच तर म्हणून त्याच्या वर दुसराही लावला. वायरमनने मान हलवली, म्हणजे पसंत पडलं असावं. ईएलसीबीचं बटण दाबून पाहिलं तर घर पटकन काळोखलं, आणि शिंपीकाका वरून कात्रीसकट धावत आले.

मग प्लग काढून हात पाण्यात घातला. काही नाही. पाणी नुसतं गार आणि ओलं. बराच वेळ तसाच उभा होतो. तुझी आई तिथे नव्हती. शेवटी सगळ्यात लहान मासा आला, माझं नख चाखून पाहिलं आणि न आवडून निघून गेला. किती दिवसांनी मी मोठ्याने हसलो.

नंतर प्लग लावला आणि पंप एकटा सांभाळतो का ते बघायला दोन दिवस शिंपीकाकांकडे मुक्काम ठोकला. खाली उतरायचं नाही अशी शपथ घातली होती त्यांनी. कापडांच्या ढिगात झोपलो, स्वप्नात सगळी खोली पाण्याने भरली होती आणि कुणी बुडत नव्हतं. खाली आलो तर पाणी काचेवर खुणेला ओढलेल्या रेघेला होतं. मी नसताना होतं. जरा खट्टू झालो, मग पिशवी भरायला घेतली.

परवाच्या गाडीने निघतोय. बादली भरून ठेवायला किल्ली शिंपीकाकांना दिलीय, चहाची बंदी समजावली आहे. एक कर. मी आल्या आल्या गठुड्याला माझ्या हातात देऊ नकोस. ती झोपलेली असेल तर झोपू दे. आधी थोडा वेळ मला तिच्या उशाशी बसून नुसतं बघायचंय.

आशीर्वाद आता समक्षच.

तुझा,
बाबा