चित्रातली अक्षरं

प्रिय क्रांती,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू ते बाजूला ठेवशील, असं वाटतं. तसं करू नकोस. तुझा नंबर बदललाय, मेलवर माझा भरवसा उरलेला नाही, म्हणून आमचे शेजारी लालासाहेब आज पाटणला निघालेत, त्यांच्या हाती हे देते आहे.

मी बरी आहे. विश्रामबागेतल्या एका कॉलेजचं ग्रंथालय सांभाळते. धैर्यशील वारल्यावर मी माहेरी सांगलीला आले, ते तुला लागलं. "दादाबरोबर आमालाबी सोडलंस, वहिनी," असं तू एस.टी. स्टँडवर म्हणालीस आणि त्यानंतर बोललीच नाहीस. मला त्या घरात त्याच्या बुटांशेजारून ये-जा करणं जमत नव्हतं, एवढंच होतं. ते तेव्हा सांगता आलं नाही.

गेल्या आठवड्यात कॉलेजच्या नावाने एक मेल आला. वर कॉलेजचं बोधचिन्ह, खाली 'तुमचं मेल खातं आज बंद होईल' असा मजकूर आणि एक निळं बटण. धैर्यशीलने सीमेवरून पाठवलेले सगळे फोटो मी त्याच खात्यात आणून ठेवले होते, म्हणून घाबरले. मेलमधला फोन नंबर कॉपी करायला गेले, तर अक्षरं निवडलीच जाईनात. नवल वाटलं, पण घाईत बटण दाबलं आणि पासवर्ड लिहिला.

दुसऱ्या दिवशी खातं उघडेना. संगणक विभागातल्या उमाने तो मेल पाहिला आणि सांगितलं की, हा मजकूर नव्हेच, मजकुराचं चित्र आहे. चित्रातली अक्षरं फसवे मेल अडवणाऱ्या चाळणीला सहज वाचता येत नाहीत, म्हणून असले मेल आत शिरतात. त्या चित्रावर कुठेही दाबलं तरी चोरांचंच पान उघडत होतं. पाठवणाऱ्याचा पत्ताही कॉलेजचा नव्हता. मी तो बघितलाच नव्हता.

काल खातं परत मिळालं. पाठवलेले मेल उघडून पाहिले. माझ्या नावाने ओळखीच्या सगळ्यांना एक चित्र गेलं होतं. त्यात धैर्यशील होता. गणवेशातला, बर्फात उभा राहून हसणारा. त्याच्या छातीवर अक्षरं होती : 'आठवणी. सगळे फोटो पाहण्यासाठी इथे दाबा.' त्याचा चेहरा आमिष म्हणून गळाला लावला होता गं.

आणि आलेल्या मेलमध्ये तुझं उत्तर होतं. "वहिनी, फोटो उघडंनात, सारखा पासवर्ड मागतंय. पन तुला आमची आठवण झाली, लय बरं वाटलं."

क्रांती, तो मेल मी पाठवला नव्हता. पत्ता माझाच होता, तू काय ओळखणार? आता त्या चित्राला हात लावू नकोस. पासवर्ड टाकला असशील तर नेहमीच्या मेलमध्ये जाऊन आजच बदल, तोच आणखी कुठे असेल तर तिथेही. यापुढे मेलमधली अक्षरं बोटाने निवडली जात नसतील, तर आधी पाठवणाऱ्याला फोन कर. माझा नंबर तोच आहे.

चित्र चोरांचं होतं, पण तुझं उत्तर मला होतं. ते मी ठेवून घेतलंय. खरे फोटो छापून घेऊन रविवारी पाटणला येते. मी येऊ नये असं तुला वाटलं, तर लालासाहेबांजवळ सांग.

तुझीच वहिनी,
राजेश्वरी