टिळ्याचा मुहूर्त

पोखरा, पौर्णिमेनंतरचा सोमवार

मंदिरा भाउजू,

काल फोनवर तुम्ही पुन्हा विचारलंत, "मायक्रो व्हॅनला ते एवढे घाबरायचे, मग तिच्यात बसले कसे?" मी म्हटलं, "दाइलाच घाई होती."

ते खोटं आहे; मी सगळं माझ्या भावावर ढकललं. दाइ काठमांडूहून मोठ्या बसने येणार होता. आदल्या दिवशी मीच फोन केला. "बसने दुपार उलटेल. दशैंच्या टिळ्याचा मुहूर्त साडेअकराला आहे. मायक्रोने ये."

"अगं, त्या घाटात ते पोरगे गाड्या उडवतात!"

"घाबरट! मग भाउजूंचा पदर धरून घरीच बस."

तो हसला आणि पहाटे मायक्रोत बसला. ती गाडी मुगलिनच्या अलीकडे त्रिशूली नदीत गेली.

दसऱ्याचा हा थोरल्यांच्या हातचा टिळा पौर्णिमेपर्यंत कधीही लावता येतो, हे मला ठाऊक होतं. मुहूर्त हे निमित्त. दुपारी मैत्रिणींबरोबर फेवा तलावात नावेने जायचं होतं, म्हणून मला घरचं लवकर उरकायचं होतं.

असं पत्र याआधी दोनदा लिहून ठेवलंय, पाठवलं नाही. आमाला वाटतं, मुलगा आपल्या हातच्या टिळ्यासाठी धावत निघाला. ती रोज स्वतःला दोष देत रडते, आणि मी तिची पाठ चोळत बसते.

तुमची नणंद,
भगवती