खाली बसायची फी

२४ ऑगस्ट, रविवार

फी ऐकली आणि उघडलेली पर्स तशीच मिटली. वर्षाची एवढी! व्यायामाचा वर्ग, राजापेठेतल्या नव्या इमारतीत तिसरा मजला — भिंतभर आरसे, निळे दिवे, कानठळ्या बसवणारी गाणी. आणि त्यात पंधरावीस जणांनी एकदम वाकायचं, एकदम उठायचं. वाकायला सोबत लागते का माणसाला?

धर्मेंद्रला सांगितलं. नवरा रेल्वेत, बडनेरा स्टेशनावर दिवसभर जिने चढतो-उतरतो. म्हणाला, स्टेशनावर ये, जिना फुकट आहे.

राग आला. त्याला काय कळणार! मला खाली बसता येत नाही. बसलेच तर उठता येत नाही. चोपन्नाव्या वर्षी! डॉक्टर म्हणतात गुडघे ठीक आहेत, मांड्यांत ताकद नाही, व्यायाम करा. शाळेत कोणाला पत्ता लागत नाही, बाईंना खुर्ची असतेच. विहारात मात्र लागतो.

२६ ऑगस्ट

अकोल्याहून आईचा फोन. पावसाळाभर विहारात चालतं त्या वर्षावासाचं शेवटचं वाचन यंदा मी करायचं. अश्विन पौर्णिमेला, समापनाच्या दिवशी, अख्ख्या वस्तीसमोर.

आजवर ते तिचं काम. जमिनीवर मांडी, पाठ ताठ, समोर बुटक्या मेजावर ग्रंथ. ती वाचते तेव्हा विहारात कोणी खोकतसुद्धा नाही. मी विचारलं, यंदा मी कशी काय? "तू मास्तरीन आहेस. तुले वाचता येते," म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

आनंद झाला. खूप झाला. मग गुडघे आठवले.

२७ ऑगस्ट

सुगतशी बोलले. माझा धाकटा भाऊ, आई त्याच्याकडेच असते. बोलता बोलता त्याच्या तोंडून निघून गेलं — "विहारात खुर्ची नेऊन ठेवली व ताई, गादीवाली. आई मनली, माधवीले सांगू नको." आणि एकदम तो पावसापाण्याचं बोलायला लागला.

म्हणजे माझ्यासाठी खुर्ची! मला न सांगता! जिने हाताला धरून पंचांग प्रणाम शिकवला, तिनेच गुपचूप माझ्यासाठी खुर्ची मांडून ठेवली. वाचनाचा मान द्यायचा आणि वर बसवून सगळ्यांना दाखवायचं, बघा, हिला खाली बसवत नाही. रडले नाही. पण भाजी करपली.

एका महिन्याचे पैसे भरून टाकते. वर्षाचं मागाहून बघू.

१ सप्टेंबर

पहिला दिवस. शिकवणारा शिवम, पुण्याचा पोरगा, गोड बोलतो. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, बसायचं, उठायचं. त्याने विचारलं, मॅडम, झालं का? मी म्हटलं, करून राहिली. तो म्हणाला, छान! आणि पुढचा प्रकार सुरू केला. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा मी धापा टाकत थांबलेच. बाबा रे, आमच्याकडे "करून राहिली" म्हणजे अजून करतेच आहे. झालेलं नाही!

तो डोकं खाजवायला लागला. मग झालं की काय म्हणता तुम्ही? मागून सीमा — शेंदूरजनाघाटची, घरचा संत्र्याचा व्यापार, आवाज मोंढ्यातला — म्हणाली, "झालं मनतो. अजून काय मनू?"

खूप दिवसांनी इतकी हसले.

२ सप्टेंबर

संडासात बसताना देव न मानणाऱ्या माणसालाही कोणाचा तरी धावा करावासा वाटला!

१२ सप्टेंबर

दांडी मारली. घरीच करू म्हटलं, फी तरी कशाला? दोनदा उठले-बसले, मग दूधवाला आला, मग मेथी निवडायची आठवण झाली. झाला व्यायाम.

संध्याकाळी सीमाचा फोन. "काहून नाई आली व?" खोटं सुचलं नाही. उद्या येते म्हटलं.

फी बहुतेक ह्या "काहून"चीच असते.

२५ सप्टेंबर

आज स्वयंपाकघरात खाली बसले. ओट्याला न धरता. धर्मेंद्रने दारातून पाहिलं. चहाचे दोन कप खाली फरशीवर ठेवले आणि समोर मांडी घालून बसला. उठताना हात पुढे केला त्याने. मी घेतला नाही. उठले!

३ ऑक्टोबर

शिवम मागे लागलाय. वर्षाचं ठरवा, पुढच्या आठवड्यापासून दर वाढतो. घरातलं दुसरं माणूस आणलं तर त्याचं अर्ध्यात. सकाळी ज्येष्ठांची खुर्चीवरची बॅचही आहे म्हणे. धर्मेंद्र म्हणतो, मी आपला जिन्यावरच बरा.

मीही ठरवलं. नाही घेणार. मला एका दिवसापुरतं खाली बसायचं होतं, ते जमलं. सोमवारी वाचन झालं की संपलं. कोणाला दाखवायचंय पुढे?

६ ऑक्टोबर, पौर्णिमा. अकोला

विहारात शिरले तर खांबाजवळ ती खुर्ची, रिकामी. निळी गादी. मुद्दाम तिच्यासमोरूनच गेले. पंचांग प्रणाम केला, पूर्ण, कपाळ टेकवून. मांडी घातली आणि वाचलं. एकदाही अडखळले नाही. कोणी खोकलं नाही.

ग्रंथ मिटून वर पाहिलं, आईचा चेहरा पाहायला. बायकांच्या रांगेत ती नव्हती. खांबाजवळ होती, खुर्चीवर. हात जोडलेले, पाय जमिनीवर नीट टेकतही नव्हते.

सुगतला बाहेर गाठलं. मान खाली घालून म्हणाला, "आषाढापासून तिले खाली बसता येत नाई, ताई. मनून तं वाचन तुले देल्लं."

महिनाभर मी त्या खुर्चीवर चिडून उठाबशा काढत होते.

आईजवळ जाऊन बसले, खाली, तिच्या पायाशी. तिने माझ्या गुडघ्याकडे पाहिलं. मग हळूच विचारलं, "तुहा तो मास्तर मले उठवंल का?"

८ ऑक्टोबर

सकाळी शिवमला कळवलं. वर्षाचं घेते. दुसरं नाव मैनाबाई, ज्येष्ठांची बॅच. आई येऊन राहिली.

लगेच त्याचा फोन. शिकलाय पोरगा. "मॅडम, येताहेत, की येऊन राहिल्यात?"

दुपारच्या गाडीने येतेय. धर्मेंद्र बडनेऱ्याला उतरवून घ्यायला निघालाय, लिफ्टने आण म्हणून बजावलंय. सुगत म्हणाला, तिने बॅगेत हिवाळ्याचा स्वेटरही टाकलाय.

शिवमला म्हटलं, दोन्ही.