नेपाळी वाचता येतं, बाबा

बाबा, या वयात मी पुन्हा पहिलीत बसले आहे. तुमच्या नातवाची बायको नेपाळची. मांद्र्याच्या किनाऱ्यावर एका हॉटेलात ती कामाला होती, तिथेच दोघांचं जमलं. तो बोटीवर गेला की घरात आम्ही दोघीच. माझ्याशी ती जपून, शब्द जुळवत बोलते. फोनवर आई आली की तिचा आवाजच बदलतो, भरभर, मोकळा. तसं तिला घरातही बोलता यावं म्हणून मी नेपाळी शिकायला घेतली. मोकळी बोलली तर इथे टिकेल, हा माझा स्वार्थही त्यात होताच.

लिपी आपलीच, मग कठीण ते काय? तिने लहान मुलांचं पुस्तक दिलं आणि पहिलं पान मी घडाघडा वाचलं. तिने टाळ्या वाजवल्या. मला मात्र डिचोलीची तुमची शाळा आठवली, गोवा मुक्तीनंतर नवीनच उघडलेली. मी धडा वाचून ऐटीत उभी आहे आणि सगळ्या वर्गासमोर तुम्ही विचारता, "वाचलंस बरां. पण समाजला?" मला रडू फुटतं. संध्याकाळी तुम्ही पाववाल्या पदेराकडून माझ्यासाठी गरम कांकण, तो बांगडीसारखा पाव, आणलंत, आणि ते मोडून देताना म्हणालात की समजलं नाही तर विचारावं, विचारण्यात लाज कसली.

त्या पुस्तकातलंही मला ओ की ठो समजलं नव्हतं. मग सुनेला विचारत विचारत एकेक शब्द गोळा केला. पानी, भात सोपे. माछा म्हणजे मासळी, तो मी बाजारात जाता-येता घोकला. तिला आपला ळ जमत नाही, मला त्यांची आदराची क्रियापदं, फिट्टंफाट.

गेल्या महिन्यात तिची आई आली. दारातच मी विचारलं, "खाना खानुभयो?" जेवलात का, एवढंच. विहीणबाई हरखल्या. मग पिशवी खाली ठेवून त्यांनी वाकून लेकीच्या पायांना कपाळ लावलं. मी धावले, सुनेवर ओरडलेच, "आवशीक पायां पडाक देतंस?" ती हसली. म्हणाली, आमच्यात आईवडीलच मुलीच्या पाया पडतात. माझ्या लग्नात तुम्ही जावयाचे पाय धुतलेत, बाबा. माझ्या पायांकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. इतक्या वर्षांनी तुमचा राग आला, आणि विहीणबाईंचा हेवा वाटला.

दुसऱ्या दिवशी त्या दोघी परसात भाजी निवडत होत्या, मी जवळच भांडी घासत होते. आईने हळूच विचारलं, "तँ यहाँ खुसी छेस्?" तू इथे सुखी आहेस का? प्रश्न मला शब्दन् शब्द कळला. हात थांबले. सून बराच वेळ बोलली, अगदी त्या फोनवरच्या आवाजात. त्यातला 'घर' हा शब्द तेवढा मला कळला, बाकी काही नाही. आई ऐकत राहिली आणि मग पुन्हा भाजी निवडू लागली.

विहीणबाई परत गेल्या. सून आत्ता स्वयंपाकघरात आहे, विचारलं तर सांगेल. तुम्ही म्हणाल, मग विचार ना. लाज नाही वाटत, बाबा. भीती वाटते.