रेकॉर्डिंग थांबवायचं नाही

३ मार्च, रविवार. सकाळी ७
आजपासून रोजनिशी. अल्बम गाजला की लोक विचारणार, हे सगळं सुचलं कसं. तेव्हा आठवत बसायला नको. ही वही कोणी वाचायची नाही. तरी अक्षर नीट काढतोय.

रेकॉर्ड कंपनीतल्या निवड करणाऱ्या बाईंचा मेल आला. नव्या अल्बमसाठी दोन बँड डोळ्यासमोर आहेत, घेणार एकच. तीन गाण्यांचे डेमो पंचवीस तारखेच्या आत. प्रत्येक माइकचा ट्रॅक वेगळा पाठवायचा. दुसरा बँड कोणता ते लिहिलेलं नाही. लाज वाटली असेल.

ड्रमरला फोन केला. शाळेपासूनचा मित्र, आता त्याच शाळेत मुलांना खेळ शिकवतो. म्हणाला, हा शेवटचा प्रयत्न. बाळ यायचंय, घरात एकच जास्तीची खोली, तीत ड्रमसेट. या वेळी नाही जमलं तर सेट विकणार आणि वाजवणं बंद. मी म्हटलं, वेडा आहेस का, मी आहे ना. तो म्हणाला, हो, तू आहेस.

३ मार्च, दुपारी
नियम ठरवले.
पहिला: रेकॉर्डिंग थांबवायचं नाही. नऊला सगळे माइक चालू करायचे, ते एकला बंद. कलेला स्टॉप बटण नसतं.
दुसरा: चाल नको. पहिल्या अल्बममध्ये एके ठिकाणी चाल आली होती. त्याचं मला अजून वाईट वाटतं.
तिसरा: रोज पहाटे सहा ते सात गिटारचा सराव. उद्यापासून.

४ मार्च
मान आखडली. सराव नाही.

५ मार्च
मान बरी. पण एकदम ताण नको.

१० मार्च, रविवार
पहिलं रेकॉर्डिंग. जागा नेहमीची, मेहुण्याचं गोडाऊन. त्याचं गाद्यांचं दुकान आहे. चारही भिंतींना गाद्या लावल्या की बाहेरचा आवाज आत येत नाही. तो कीबोर्ड वाजवतो. गोडाऊन त्याचं म्हणून बँडमध्ये आहे. हे त्याला माहीत नाही.

गाणं पहिलं: 'प्रतीक्षा'. तेवीस मिनिटं. त्यातली पहिली नऊ मिनिटं मी एकच तार वाजवतो, बाकीचे प्रतीक्षा करतात. आमच्या बेस गिटारवालीने विचारलं, माझं कधी सुरू होतं. म्हटलं, आतून वाटेल तेव्हा. शेवटी म्हणाली, मला आतून काहीच वाटलं नाही. दातांची डॉक्टर आहे. जिचा पेशाच माणसाला बधिर करण्याचा, तिला काय बोलणार.

मग मला वाटलं, गाण्यात खरा लोखंडी आवाज हवा. फोन घेऊन सामानाच्या लिफ्टचं दार रेकॉर्ड करायला गेलो. लिफ्ट मध्येच अडकली. चाळीस मिनिटं. आवाज उत्तम मिळाला, त्यात माझाच जास्त.

परत आलो तर तिघांचे चेहरे लाल. मला बघताच अळीमिळी गुपचिळी. ड्रमरचा शर्ट घामाने चिंब. माझी काळजी केली असणार.

१३ मार्च
वॉशिंग मशीन रेकॉर्ड केलं, कपडे पिळतानाचं. बायको म्हणाली, गाणंही आत टाक, स्वच्छ निघेल. गाढवाला गुळाची चव काय, हे मनात म्हटलं. लग्नाला बारा वर्षं झाली, काय मनात म्हणायचं ते कळतं.

तिच्या भावाचा फोन होता. विचारत होता, भावजी रविवारी येणार आहेत का. तिने सांगितलं, येणार की. त्याने दोनदा विचारलं, नक्की ना, मग बरं म्हणाला. भारावला असेल.

सराव: सोमवारपासून नक्की.

१७ मार्च, रविवार
दुसरं आणि तिसरं गाणं. ड्रमरशी खटका. त्याचं म्हणणं, निदान सुरुवातीला चार सरळ ठोके घेऊ या, कोण कुठे आहे ते तरी कळेल. मी म्हटलं, ही शाळेची कवायत नाही. तो म्हणाला, कवायतीत पोरांना निदान कुठे थांबायचं ते माहीत असतं. त्यानंतर खाली बघून ड्रमचे नट आवळत बसला. घट्टच होते ते.

अशा वेळी बेसवाली शहाण्यासारखं बोलली. म्हणाली, पुलाखाली आवाज फार वेगळा घुमतो, तू जाऊन घेऊन ये ना. मेहुणा म्हणाला, सावकाश घ्या, घाई नको. ड्रमरने तर माझं जॅकेट आणून दिलं. हळूहळू तयार होतायत.

पुलाखाली दीड तास. वारा, कबुतरं, एक शिंक. परत आलो तर तिघंही इतके खुशीत की मलाच भरून आलं. पुढारी असा असावा, की तो नसतानाही त्याचा उत्साह मागे काम करतो.

२४ मार्च, रविवार
डेमो पाठवले. दोन रविवारचं सगळंच्या सगळं, न कापता. कापणारे आम्ही कोण. माझे ट्रॅक सोळा वेळा ऐकले. इतरांचे ऐकायला वेळ झाला नाही, आणि त्यांत मी नाही.

बायकोने विचारलं, न ऐकता पाठवलंस? म्हटलं, टेलर काय प्रत्येक सदरा स्वतः घालून बघतो? ती म्हणाली, बाह्या दोन आहेत का एवढं बघतो.

२ एप्रिल
सारखं मेल बघायचं नाही असं ठरवलं. ९.१०, ९.२५, ९.४०, ९.४५ ला बघितलं. मधल्या वेळात मुलाखतीची तयारी. आरशासमोर नम्रता. मान पुन्हा आखडली.

५ एप्रिल, सकाळी
निवड झाली. आमची. ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. साहेब म्हणाले, अभिनंदन, आणि ती परवाची फाइल? अशा माणसांमध्ये आपण वर्षं काढली.
ड्रमरला कळवलं. फोनवर नाक ओढल्याचा आवाज आला. म्हटलं, रडतोयस काय, मी म्हटलं होतं ना.

५ एप्रिल, संध्याकाळी
मेल पूर्ण वाचला. सकाळी पहिली ओळच वाचली होती.

बाईंना दोन गाणी आवडली. एक दहा तारखेचं, पन्नासाव्या मिनिटापासूनचं. दुसरं सतरा तारखेचं, शेवटच्या तासातलं. लिहितात, इतकं मोकळं वाजवलेलं बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं, बेस वाजवणाऱ्या बाई गातात फार छान. हीच पुन्हा नीट रेकॉर्ड करा, आणि याच जातीची आणखी सहा. गिटारचा उल्लेख नाही.
दहा तारखेच्या पन्नासाव्या मिनिटाला मी लिफ्टमध्ये होतो.

६ एप्रिल
ड्रमरचा ट्रॅक ऐकला. पहिल्यांदाच. चाल आहे. सुरुवातीला चार सरळ ठोके आहेत. बेसवाली गाते, मेहुणा मध्येच चुकतो, तिघं हसतात आणि न थांबता पुढे जातात. ड्रमर शाळेत असताना असा हसायचा. मग दूर लिफ्टचं दार वाजतं, आणि ड्रमर हळू आवाजात म्हणतो, की तो आला, पुरे आता.

तेवढंच सोळा वेळा ऐकलं. बायको दारात उभी होती. मशीनबद्दल काही बोलली नाही. माझ्या शेजारी येऊन बसली.

७ एप्रिल, रविवार
तिघांना मेल वाचून दाखवला. चोर पकडल्यासारखे उभे. ड्रमर म्हणाला, बाईंना लिहितो, चौघं नाहीतर कोणीच नाही. म्हणताना माझ्याकडे बघत नव्हता. मी हो म्हटलं असतं तर त्याने लिहिलं असतं. हो अगदी ओठांवर आलं होतं.

मी म्हटलं, अरे, ही माझीच योजना. कलाकाराला एकटं सोडल्याशिवाय तो खुलत नाही, म्हणून तर मी बाहेर जात होतो. तिघांनी लगेच माना हलवल्या. इतक्या लगेच हलवायला नको होत्या. अल्बमवर माझं नाव 'संकल्पना' म्हणून येणार.

मग गाणं पुन्हा घेतलं. मी वाजवणार नव्हतो, नुसता गाद्यांच्या ढिगावर बसलो. सात वेळा घेतलं, सातही वेळा मयताला आल्यासारखं. प्रत्येक जण वाजवायच्या आधी माझ्याकडे बघायचा. मी हसून दाखवत होतो, त्याने आणखीच बिघडलं.

१४ एप्रिल, रविवार
नऊला माइक चालू केले, आवाजाच्या पातळ्या बघितल्या आणि मीच म्हणालो, मी जरा बाहेर थांबतो. कोणी का विचारलं नाही. मेहुण्याने दार ओढून घेतलं, हळूच, माझं बोट वगैरे सापडू नये म्हणून.

दारावर गाद्या नाहीत, त्यामुळे बाहेर ऐकू येतं. पहिल्याच प्रयत्नात सुरेख झालं. चार ठोके, मग तिचा आवाज, मग सगळे. ड्रमर हसत होता. आता तो सेट विकणार नाही, बाळाला कुठेतरी दुसरीकडे झोपवतील. मला आनंद झाला. वाईटही वाटलं, ते जास्त वाटलं.

गाणं संपलं. मी शर्ट नीट केला आणि दारापासून जरा लांब जाऊन उभा राहिलो, कान लावून होतो असं दिसायला नको म्हणून. आत कोणीतरी काहीतरी म्हणालं, सगळे हसले, आणि लगेच दुसरं गाणं सुरू केलं. मला वाटलं होतं, एक झालं की मला हाक मारतील.