चिंधूच्या काट्यावरचं वजन

॥ श्री ॥
पुलगाव, २४ नोव्हेंबर २०२४

चि. कैलास यास,
मोहिनीचे अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नकोस, माझी तब्येत होती तशीच आहे. आठवड्यातून तीन दिवस चार-चार तास डायलिसिसच्या खुर्चीत बसायचं. डावा हात मशीनला बांधलेला, उजवा रिकामा. शेजारची मंडळी मोबाइल बघत बसतात, मी म्हटलं आपण पत्रं लिहावीत. शिवाय तू फोनवर बोलतोस ते मागच्या गल्लीतल्यांनाही ऐकू जातं. तू मला किडनी देणार आहेस हे ऑपरेशनआधी आईच्या कानावर जाऊ द्यायचं नाही, असं आपलं ठरलंय. तेव्हा फोनवर तो विषय नकोच.

नागपूरच्या डॉक्टरांचं म्हणणं पुन्हा लिहिते, कारण त्यांच्यासमोर तू नुसती मान हलवत होतास. तुझं रक्त जुळलं, तपासण्या चांगल्या आल्या, कागदही मंजूर झाले. अडलंय ते वजनाशी. तू एकोणनव्वद किलो आहेस. सतरा जानेवारीला पंच्याऐंशी किंवा त्याखाली भरलास तर अठ्ठावीसला ऑपरेशन. नाहीतर ती तारीख दुसऱ्याला जाईल आणि आपला नंबर चार महिन्यांनी लागेल. तोवर माझ्या हाताच्या शिरा टिकतील की नाही, याची डॉक्टर खात्री देत नाहीत. यांना साखरेचा आजार, म्हणून यांची किडनी चालत नाही. तू आपण होऊन पुढे आलास.

आता दिवस कोणते आहेत हे मला ठाऊक आहे. लग्नं, हुरडा, रोडगे, सोलेभात, डिंकाचे लाडू. वजन कमी करायला याहून वाईट दोन महिने पंचांगात सापडायचे नाहीत. सकाळ-संध्याकाळ शेतापर्यंत पायी जा आणि ताटावर बसलास की माझा चेहरा आठव.

एक मागणं आहे. मला संत्रं नाही, तीळ नाही, तुरीचे सोले नाहीत, पाणीसुद्धा मोजून. म्हणून कुठे काय जेवण होतं ते सगळं मला सविस्तर लिहीत जा. फक्त तू ते खाल्लंस असं लिहू नकोस.

सौ. भागीरथाला आणि तुझ्या लेकीला, आचलला, आशीर्वाद. आमच्यावरचा लोभ वाढव, बाकी काही वाढवू नकोस.

तुझी ताई,
मोहिनी


॥ श्री ॥
अल्लीपूर, ३ डिसेंबर २०२४

ती. मोहिनीताईस,
कैलासचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. पोस्टमन आईच्याच हातात देत होता, मी पीकविम्याचं आहे म्हणून हिसकावून घेतलं. पीकविम्याचं पत्र वाचून मी डोळे पुसले, म्हणून आई दोन दिवस सरकारला शिव्या देत होती.

माझा खरा शत्रू आईच आहे. मी पायी फिरायला लागलो आणि एक पोळी कमी केली, तेव्हापासून ती ज्याला-त्याला सांगते की पोरगा वाळून राह्यला. तिने पाच किलो डिंकाचे लाडू केले आहेत. सकाळी एक लाडू घेऊन समोर उभी राहते आणि तोंडात घातल्याशिवाय हलत नाही. मी अर्धा खातो, अर्धा खिशात टाकतो आणि गोठ्यात जाऊन बैलाला देतो. बैल आता मला पाहिलं की दावं तोडायला बघतो.

परवा रूपरावमामांच्या नातीचं लग्न झालं. मी आधीच उपवास आहे म्हणून सांगून टाकलं. मामांनी विचारलं, कोणता? माझ्या तोंडून चतुर्थी निघून गेली. बायकांत बसलेल्या काकू म्हणाल्या की चतुर्थी तर केव्हाच होऊन गेली, तरी उपाशी कसं राहू द्यायचं म्हणून मामांनी घरून साबुदाण्याची उसळ करून आणवली. तुपात निथळत होती. दोन ताटल्या. वर दाण्याचा लाडू. लग्नात वरण-भात खाल्ला असता तर बरं झालं असतं, असं घरी येताना भागीरथा तीनदा म्हणाली.

घरी वजनाचा काटा नाही. पण चौकात भैय्याजींचं कापूस खरेदीचं दुकान आहे. तिथे चिंधू तीस वर्षांपासून कापूस मोजतो. दर रविवारी सकाळी त्याच्या काट्यावर उभं राहायचं ठरवलं आहे. डॉक्टरने वजन पाहायला सांगितलं, एवढंच त्याला सांगितलं.

भाऊजींना नमस्कार. लहान भावावर भरवसा आणि लोभ दोन्ही ठेव.

तुझा,
कैलास


॥ श्री ॥
अल्लीपूर, १६ डिसेंबर २०२४

ती. ताईस,
कैलासचा आनंदाने सा. न. वि. वि.

पेढे वाटायचे नाहीत म्हणून, नाहीतर वाटले असते. काल मी काट्यावर उभा राहिलो. आकडे चिंधूच्या बाजूला दिसतात, त्याने मोठ्याने सांगितलं: सव्वापंच्याऐंशी! ताई, तीन आठवड्यांत पावणेचार किलो. महिना बाकी आणि उरलंय फक्त पाव किलो. ते तर मी नुसतं शेतापर्यंत चालूनही घालवीन.

त्याच आनंदात दुपारी मामांच्या वावरात रोडग्यांना गेलो. तू सांगितलंस म्हणून सगळं लिहितो. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, वरचं कडक टरफल हाताने फोडायचं, आत वाफ. त्यावर तुपाची धार. तुरीचे सोले घातलेली वांग्याची भाजी इतकी झणझणीत की मामांच्या टकलावर घाम आला. सोबत मुळा आणि कांद्याची पात. शेवटी ज्वारीचा हुरडा आणि तिळाची चटणी.

तुझ्या आज्ञेप्रमाणे मी काय खाल्लं ते लिहीत नाही.

येत्या आठवड्यात जाम गावी साडभावाकडे वास्तुशांती आहे, आणि नाताळच्या सुट्टीत आचल घरी येते म्हणून आई पाटवड्या करणार आहे. काळजी करू नकोस, आता हाताशी जागा आहे.

तुझ्या आशीर्वादाचा भुकेला (दुसऱ्या कशाचा नाही),
कैलास


॥ श्री ॥
अल्लीपूर, २९ डिसेंबर २०२४

ती. ताईंना,
भागीरथाचा शिरसाष्टांग नमस्कार.

ताई, हे पत्र मी यांना न विचारता लिहीत आहे. सव्वापंच्याऐंशीचं ऐकून मलाही आनंद झाला होता. पण वजन उतरलं तर पँटचं बटण काऊन लागत नाही, असं मी यांना विचारलं. तर म्हणाले की कापड धुऊन आटलं. चारही पँटी एकाच महिन्यात आटल्या!

मग वास्तुशांतीत यांनी सहा पुरणपोळ्या खाल्ल्या. मी मोजल्या, कारण वाढायला मीच होते आणि हे दर वेळी मानेनेच खुणावत होते. माझ्या मनात किडा वळवळायला लागला. आज सकाळी मीही यांच्यासोबत भैय्याजींच्या दुकानात गेले आणि स्वतः काट्यावर उभी राहिले. गेल्याच आठवड्यात गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंनी त्यांच्या काट्यावर माझं वजन केलं होतं, ते बासष्ट भरलं होतं. चिंधूने सांगितलं, पावणेसाठ. ताई, मी या महिन्यात एकही लाडू नाकारलेला नाही. माझं वजन कसं उतरेल?

मी काट्याच्या पलीकडे जाऊन पाहिलं. आकडा बासष्टच होता. चिंधूला विचारलं तर तो शांतपणे म्हणाला की वैनी, ओलाव्याची क्विंटलमागं दोन किलो कटती अन् पोत्याचं एक किलो जाते नं. तीस वर्षं त्याने काट्यावर जे येईल त्यातून हे कापूनच आकडा सांगितला आहे. माणूस उभा आहे म्हणून काही वेगळं करायचं असतं हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. आणि आमचे हे! दर हंगामात याच कटतीवरून भैय्याजींशी भांडतात, पण स्वतः पोत्याच्या जागी उभे राहिले तेव्हा काही लक्षात आलं नाही.

माझा तोल गेला ताई. मी चिंधूवर ओरडले की तिकडे माझ्या नणंदेचा जीव टांगणीला लागला, तिला यांची किडनी द्यायची आहे, आणि तुम्ही ओलावा कापता! दुकानात पंधरा-वीस शेतकरी होते. बोलून गेल्यावर मी तोंडावर हात ठेवला, पण घरी पोचेपर्यंत बातमी आमच्या आधी पोचली होती. आईंना कळलं आहे. त्या कोणाशी एक शब्द बोलत नाहीत.

परत येताना आशाताईंकडे यांना उभं केलं. एकोणनव्वद. होते तिथेच आहोत, आणि उरले एकोणीस दिवस. हे ओसरीवर डोकं धरून बसले आहेत.

चूक माझी आहे. रागवा, पण दूर लोटू नका.

तुमची,
भागीरथा


अल्लीपूर, ३१ डिसेंबर

मोहिनीले मायचे आशीर्वाद.

मी सांगून राह्यली अन् आचल लिहून राह्यली.

कैलास तुले किडनी देऊन राह्यला, हे मले भैय्याजीच्या दुकानातून आलेल्या लोकायनं सांगाव? मी का परकी हाओ? दोन दिवस मी बोलली नाई. राग नोता वो बाई, भेव होतं. दोघंही लेकरं दवाखान्यात अन् मी घरी बसून काय करू, हेच डोक्यात फिरे. मंग आज सकाऊन चुलीपाशी बसली अन् इचार केला. दोघंही माह्याच पोटचे. एकाचं दुसऱ्याले गेलं तं घरातलं घरातच राह्यलं. त्यात मी आडवी येणारी कोण?

पण मले आंधी सांगतलं असतं तं मी लाडू कायले केले असते? आता उरलेला डबा माह्या पेटीत कुलपात हाय. चाबी माह्या गळ्यात हाय. सतरा तारखेपावतर त्याचं ताट मीच वाढीन. लेकराले उपाशी ठेवाचं काम मी जिंदगीत केलं नाई, आता शिकून घेईन.

तू भेऊ नको. टायमावर औषध घेजो.

तुही माय,
आनंदाबाई

ता. क. आत्या, सांगताना आजी दोनदा रडली. हे लिहू नको असंही तिने सांगितलं आहे. — आचल


॥ श्री ॥
अल्लीपूर, ९ जानेवारी २०२५

ती. ताईस,
अर्धपोटी कैलासचा सा. न. वि. वि.

तू पत्रातून मला जे बोललीस ते सगळं मी तीन वेळा वाचलं आणि ते मला लागू आहे. आता इकडचं ऐक.

जे गाव मला खाऊ घालायला टपलेलं होतं, तेच आता उपाशी ठेवायला टपलं आहे. आग्रह तेवढाच, दिशा उलटी. चौकातल्या टपरीवर चहा मागितला तर टपरीवाला म्हणाला की भाऊ, साखरेचा पाहिजे असंल तं मायची चिठ्ठी आना. सोमवारी एका लग्नात पंगतीला बसलो. वाढपी जिलबी घेऊन माझ्यापर्यंत आला तसा शेजारच्याने माझ्या ताटावर हात आडवा धरला, आणि पलीकडच्याने माझ्या ताटातला भातही काढून घेतला. रूपरावमामांनी पुन्हा रोडगे केले आणि मला मुद्दाम बोलावलं. मी गेलो. त्यांनी मला काकडी दिली आणि वाऱ्याच्या उलट बाजूला बसवलं, म्हणजे वाससुद्धा येऊ नये.

चिंधू रोज पहाटे दारात येऊन उभा राहतो. त्याला फार लागलं आहे. मला हिवऱ्याच्या फाट्यापर्यंत नेतो आणि आणतो, आणि दम लागून मी थांबलो की स्वतःही थांबतो. तीन दिवस मी रागाने त्याच्याशी बोललो नाही. चौथ्या दिवशी पाहिलं तर त्याच्या पायात फाटकी चप्पल होती आणि टाच फुटून रक्त आलं होतं. मग बोलावंच लागलं.

आई ताटात एक भाकर, मुगाचं वरण आणि पालेभाजी वाढते आणि मी जेवेपर्यंत दुसरीकडे बघते. काल आशाताईंकडे सत्त्याऐंशी भरलो. आठ दिवसांत दोन किलो उतरवायचे आहेत आणि मधे संक्रांत आहे. ताई, मला भीती वाटते. माझ्या सहा पुरणपोळ्यांपायी तुझी तारीख गेली तर मी तुला तोंड कसं दाखवू?

तरीही लोभ असू दे.

तुझा,
कैलास


॥ श्री ॥
अल्लीपूर, १८ जानेवारी २०२५

ती. ताईस,
कैलासचा सा. न. वि. वि.

फोनवर आकडा सांगितला, तरी लिहून ठेवतो, कारण आईला तो कागदावर हवा आहे: चौऱ्याऐंशी किलो सहाशे ग्रॅम.

आई सोबत आलीच. मशीनवर आकडा आल्यावर तिने नर्सबाईंना तो तीन वेळा वाचायला लावला, आणि यातून काही कापलं तर नाही ना, असं दर वेळी विचारलं. नर्सबाईंना काही कळेना. मग डॉक्टरांसमोर जाऊन आई म्हणाली की माह्या कामात येत असंल तं माहीच घ्या, पोरगा शेतीवाला माणूस हाय. डॉक्टरांनी वय विचारलं. तिने एकोणऐंशी सांगितलं आणि लगेच पुढे जोडलं की पन दातं साबूत हायेत. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी तिला खुर्ची दिली आणि ऑपरेशन कसं होतं ते अर्धा तास समजावून सांगितलं. ते झाल्यावर तिने मान हलवली. माझ्यासारखी नाही, समजून.

अठ्ठावीस तारीख पक्की. दवाखान्याबाहेर कोथिंबीर भरलेल्या गरम सांभारवड्या तळत होते. मी नुसतं पाहिलं, तर आईने माझं मनगट धरून मला बसस्टँडपर्यंत नेलं.

तुझाच,
कैलास


॥ श्री ॥
पुलगाव, २१ जानेवारी २०२५

चि. कैलास यास,
मोहिनीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

हे खुर्चीतलं बहुधा शेवटचं पत्र, म्हणून एक खरी गोष्ट लिहून टाकते. समोरासमोर बोलता येणार नाही.

दोन महिने मी तुला खाऊ नको म्हणून धाक दाखवला. पण तू सव्वापंच्याऐंशी लिहिलंस, तेव्हा आनंदाऐवजी मला भीतीच वाटली. आणि चिंधूचा आकडा खोटा निघाला, तेव्हा मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं. रागावून पत्र लिहिलं ते वरवरचं होतं. मनात म्हटलं, जमलं नाही तर नाही. धाकट्या भावाच्या अंगाला सुरी लागणार नाही, आणि दोष माझाही नाही नि त्याचाही नाही, सगळा पुरणपोळ्यांचा. लहानपणी तुला कडेवर घेऊन फिरले, तुझी पाटी मी भरून दिली. तुला द्यायची सवय आहे मला, तुझ्याकडून घ्यायची नाही. तू देतो म्हणालास तेव्हा मी हो म्हटलंच नव्हतं, आठवून बघ. मी गप्प बसले आणि सगळ्यांनी तो होकार धरला.

मग तुझं अर्धपोटी पत्र आलं. मी इथे तू चुकावास म्हणून वाट बघत होते, आणि तू तिकडे भाकरीचा तुकडा मोजून खात होतास. त्या दिवशी खुर्चीत मी इतकी रडले की नर्सने मशीन तपासलं. यांनाही मी हे सांगितलेलं नाही.

आता वजनाची सबब संपली. तेव्हा पहिल्यांदाच, स्वतःच्या तोंडाने मागते. कैलास, मला तुझी किडनी दे. मला जगायचं आहे.

सत्तावीसला सकाळच्या गाडीने नागपूरला ये. आम्ही स्टेशनवर असू.

तुझी,
मोहिनी