वासण्याच्या फ्लॅटचा कागद

सोम., ३ फेब्रु.
नलूला जाऊन महिना होत आला. मन्या परवा बंगळूरला परतला. जाताना प्रिंटर बसवून गेला. प्रिंटरला स्वतःचा ईमेल पत्ता आहे म्हणे. मन्याने तिकडून पाठवलं की इथे छापून बाहेर. कॉम्प्युटर नको, ड्रायव्हर टाकायला नको. "बाबा, तुम्ही फक्त कागद भरा नि चालू ठेवा." ठेवलाय. नलू भाजी निवडायला बसायची तिथे.

बुध., ५
दुपारी पडलो होतो, प्रिंटर घरघरला. हा वासण्याचा फ्लॅट विकायचं संमतीपत्र. फ्लॅट नलूच्या नावावर, म्हणून सह्या आम्हा बापलेकांच्या. मग मी बंगळूरला, त्याच्याकडे. सुतकात त्याने विचारलं, मी हो म्हटलं. तेव्हा कशालाही हो म्हणत होतो.
खिचडी खारट झाली. खाल्ली.

शुक्र., ७
पादरा गावाहून आक्का आली, ओल्या तुरी घेऊन. मी दूध आणायला गेलो तेवढ्यात बाईसाहेब कागद फाडून मोकळ्या. वर गुजरातीत 'स्वर्गस्थ नलिनीबेन' दिसलं, झालं. "मयताचं पत्र घरात ठेवतात का, वेड्या? वाचायचं नि फाडायचं." म्हटलं, अगं, फ्लॅटचं होतं. "कुठल्या? ह्याच?" तिला काही सांगितलंच नव्हतं.
राग यायला हवा होता. बरं वाटलं. किती दिवसांनी काहीतरी वाटलं.

शनि., ८
मन्याला फोन. हसला. "आत्या पण ना. थांबा, परत पाठवतो." बोलणं संपायच्या आत कागद हजर, तसाच्या तसा. अलकापुरीहून वकिलाचाही फोन, "काका, सही करी नाखो ने." हो हो, टाकतो करून म्हटलं.

रवि., ९
आक्का गेली. चपला घालताना म्हणाली, "तुला जायचं नाहीये ना? मग तोंड उघड. मी किती वेळा फाडू?"
तोंड उघडून काय, चहा प्यायलो.

मंगळ., ११
सकाळी कागद फाडला. मीच.
दुपारी मन्या. "झाली सही?"
"कागद फाटला."
"आत्या?"
"हो."
"आत्या रविवारीच गेली ना, बाबा?"
मला इथून जायचं नाही, एवढंच म्हणायचं होतं. जीभ उचलेना.
"परत पाठवू?"
पाठव म्हटलं.

बुध., १२
प्रिंटरचा दिवा चालू आहे. कागद भरलेत. नेटही आहे, दोनदा पाहिलं.
अजून काही आलेलं नाही.